शेवाळातले जीव

आमच्या घरात गाळल्याशिवाय पाणी चुलीवर चढत नसे. नुसतं गाळूनही भागत नसे. फडक्यात जे बारीक जीव राहिले असतील ते ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे, तेही वरून न फेकता, दोरीनं तांब्या पाण्यापर्यंत उतरवून. निपाणीच्या आमच्या जैन घरात हे काम माझ्या नवऱ्याच्या आत्याचं होतं. त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. माझी सात वर्षांची मुलगी त्यांचं बोट धरून त्यांना विहिरीवर नेई आणि काठ आला की थांबवी.

मुलीला आकडी यायची. येण्याआधी तिची बोटं गार पडत, आणि ती बोटं बहुतेक वेळा आत्याबाईंच्याच हातात असत. त्या तिला लगेच खाली निजवत, कुशीवर वळवत. हे दोघींचं गुळपीठ मला सहन होत नसे. पोर माझी, आणि माझ्याकडे येते ती जेवण्यापुरती. म्हातारीनं तिला दुखण्याची सवय लावलीय, असं मी नवऱ्याच्या कानावर घालायला लागले होते. माझं माहेर बेळगावात, शहापूरला. पोरीला तिथं आईपाशी ठेवून कॅम्पातल्या शाळेत घालायचं मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या उन्हाळ्यात नवरा तंबाखूच्या कामासाठी वेंगुर्ल्याला निघाला. समुद्राची हवा पोरीला मानवेल असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून आम्ही तिघीही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाण्यात शेवाळाचा मोठा पुंजका तरंगत आला. पिवळट, तपकिरी, जोंधळ्याच्या दाण्याएवढे फुगे लागलेला. वाकून पाहिलं तर आत नुसती वळवळ. शेवाळाच्याच रंगाचे नखाएवढे खेकडे, आरपार दिसणारी कोळंबी, आणि खाली सावलीत बारीक माशांची दाटी. मला वाटलं, बिचारे अडकलेत. मी पदर खोचला आणि एकेक झुबका तोडून पाण्यात झटकायला लागले. रिकामं झालेलं शेवाळ वाळूवर फेकत होते. आत्याबाई पोरीचा हात धरून काठावर बसल्या होत्या, आणि आपण किती पुण्याचं काम करतोय हे मी त्यांना मोठ्यानं सांगत होते.

शेवाळ संपलं तशी माशांची पिल्लं माझ्या लुगड्याच्या सावलीत येऊन पायांभोवती गोळा झाली. उपकार जाणतात, असं वाटून मला गहिवरून आलं. तेवढ्यात पाण्यात काहीतरी चकाकलं. मोठे मासे आले होते. ते माझ्या पोटऱ्यांवर आपटत होते, आणि मला पाय उचलायचंही सुचेना. पाणी निवळलं तेव्हा पायाशी काहीच उरलं नव्हतं.

मासळीची टोपली घेऊन जाणारी एक बाई थांबून बघत होती.

"गो बाय, ह्या काय केलंस? शेवाळ त्येंका लपयता, त्येंच्या घाणीर शेवाळ वाढता. एकमेकांर जगतत ती." मग वाळूवरच्या ढिगाकडे बोट करून म्हणाली, "आता ह्या शेवाळय जगाचा नाय."

आत्याबाईंना तिची बोली नीट कळली नाही. "काय झालं गं त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"गेले पोहत."

"बरं झालं. लई पुण्याचं केलंस."

संध्याकाळी तो ढीग काळा पडला होता आणि त्याला वास सुटला होता. पोर काडीनं तो उकरत होती. मी तिला ओढून नेलं.

परतताना आंबोलीचा घाट चढेपर्यंत मी पोरीच्या हाताकडेच बघत होते. फार भीती वाटत होती. तरी शाळेचा बेत मी सोडला नाही, फक्त बंदोबस्त केला. बोटं गार पडली की काय करायचं ते आईकडून चारदा घोकून घेतलं. पोरीला तिथं दोनदा आकडी आली, दोन्ही वेळा आईनं निभावलं. मी स्वतःवर खूश होते.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "शिकू दे की. मला कोण न्हेणार विहिरीवर?"

"मी आहे की," मी म्हटलं होतं. दीड महिना नेलंही.

मग एका सकाळी तंबाखूच्या वखारीतली माणसं जेवायला होती. आत्याबाईंनी दारातून हाक मारली. "आले," मी म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. "फडकं वाळाय लागलंय गं. जीव मरतील." मी भाकरी थापत होते. "आले म्हटलं ना," मी जरा चिडूनच म्हणाले. त्यानंतर हाक आली नाही.

भाकऱ्या उरकून मी गेले तेव्हा पावसानं विहीर तुडुंब होती, आणि पाण्यात आत्याबाईंचं लुगडं दिसत होतं. तांब्या दोरीसकट काठावर आडवा पडलेला, आत थेंब नव्हता. आधी जीव सोडून झाले होते. त्या मासळीवाल्या बाईचं निम्मंच बोलणं मी ऐकलं होतं, हे मला तिथं कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आली. दोन दिवस विहिरीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मी पाणी गाळत असताना शेजारी येऊन बसली.

"मी नव्हते तेव्हा आजीला काठाशी कोण थांबवायचं?"

"मी," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि एकटीच विहिरीकडे गेली.