दोन पाट्यांची शाळा

काळेवाडीतल्या आमच्या शाळेच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. वरची महापालिकेची, निळी, कडेनं गंज धरलेली. खालची संस्थेची, चकचकीत, संध्याकाळी आतून उजळणारी. इमारत, बाकं, पाणी, लाइट सगळं महापालिकेचं. शाळा चालवायचं काम संस्थेकडे सोपवलेलं. फी नाही, पुस्तकं फुकट, खिचडीही फुकट. मी संस्थेच्या पगारावर पहिलीची बाई होते आणि त्या शाळेवर माझा जीव होता. आता मी पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या शाळेत शिकवते. तिथं पाटी एकच आहे आणि फाटकावरचा माणूस मला अजून रोज ओळखपत्र विचारतो. अशा वेळी जुनी शाळा फार आठवते.

सगळ्यात जास्त आठवतो तो गुरुवार. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी मशीन चालू आणि गुरुवारी सगळा बाप-वर्ग घरी. त्यामुळे गुरुवारी शाळेच्या व्हरांड्यात बापांची गर्दी. कोणी धुतलेला शर्ट घालून, कोणी कंपनीच्या टीशर्टातच. लेकराचा अभ्यास विचारायचा बहाणा, खरं तर त्यांना वर्गात डोकावायचं असायचं. "मॅडम, वाचतं का हो आमचं?" एवढंच विचारून खिडकीशी उभे राहायचे. मी ओरडायचे, "अहो, तुमच्याकडे बघून पोरं पाढे विसरतात!" तेवढ्यापुरते ते हलायचे आणि शेजारच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे. त्या गोंधळात शिकवायला मजा यायची, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. कडक इस्त्रीची साडी, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, मैदानातला कागद स्वतः वाकून उचलणार. बाहेरून पाहुणे आले आणि म्हणाले, "ही पालिकेची शाळा वाटतच नाही हो," की त्यांचा दिवस सोन्याचा व्हायचा. त्या वाक्यासाठी त्या राबायच्या आणि आम्हालाही राबवायच्या. मला मात्र ते वाक्य ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची. का नाही वाटत? पालिकेच्या शाळेनं चांगलं असू नये असं कुठं ठरलंय?

खरी गंमत अशी की आम्ही सोयीप्रमाणे पाटी बदलायचो. गच्चीवरची टाकी फुटली की आम्ही पालिकेची शाळा, माणूस पाठवा. एखादा पालक तक्रार घेऊन आला की आम्ही खासगी संस्था, आमचे नियम वेगळे. लग्नात दोन्हीकडच्या पंगतीत जेवून येणारा एखादा पाहुणा असतो ना, तसं आमचं चाललं होतं. आणि कोणाचं त्यात बिघडत नव्हतं म्हणून कोणी बोलत नव्हतं.

मग संस्थेनं पहिलीच्या प्रवेशाआधी पालकांची भेट ठेवायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी, आई-वडील दोघंही हजर हवेत. शनिवारी! हे ठरवणाऱ्यांची ऑफिसं शनिवारी बंद असतात, एवढंच त्यांना ठाऊक. शनिवारी आमचे निम्मे बाप चाकणला कारखान्याच्या लाइनवर उभे असतात आणि कंत्राटी कामगाराला मध्येच सुट्टी मागायची म्हणजे उद्यापासून येऊ नको असं ऐकायची तयारी ठेवायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका गुरुवारी एक जोडपं मुलीला घेऊन आलं. लातूरकडचं. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर, ती चार घरची पोळीभाजी करायची. मुलगी सहा वर्षांची, आईच्या कडेवर. तिचा एक पाय जन्मापासून बारीक आणि वाकलेला, पण डोळे असे की सगळा व्हरांडा पिऊन टाकावा. बाप मला म्हणाला, "लेकराचं नाव घालाया आलाव, मॅडम. शेजारचे म्हणले, बेस्तरवारी गेलं तर बाया भेटतेत." त्याचं काही चुकलं नव्हतं, गुरुवारीच तर सगळे यायचे. मी त्यांना मोठ्या बाईंकडे नेलं आणि माझ्या वर्गावर परतले. थोड्या वेळानं तिघं खाली मान घालून फाटकाबाहेर जाताना दिसले.

पुढच्या आठवड्यात पहिलीची नावं लागली, त्यात ती नव्हती. कारण विचारलं तर मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारच्या भेटीला वडील आले नाहीत." "गुरुवारी तर आले होते," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला. "अगं, पहिलीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. खाली ऑफिस, कॉम्प्युटर. ती पोर जिने कशी चढणार? पडली तर? पलीकडच्या वस्तीत पालिकेची शाळा बैठी आहे. मी तिच्या भल्याचंच बघतेय."

त्यांना खरोखर तसंच वाटत होतं, हेच वाईट. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं.

मी म्हटलं, "बाई, पलीकडे कशाला? पालिकेची शाळा तर हीच आहे."

"आपण संस्था आहोत. आपल्याला आपले नियम ठेवता येतात."

"मग टाकी फुटली तेव्हा आपण कोण होतो?"

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण त्या बाईंचा हा गुण मी आजही मानते. त्यांनी माझ्यासमोरच पालिकेच्या पर्यवेक्षकांना फोन लावला. "होऊन जाऊ दे एकदाचं," म्हणाल्या. आपणच बरोबर आहोत याची त्यांना खात्री होती.

पर्यवेक्षक म्हणजे जुनं खोड, निवृत्तीला टेकलेले. दुसऱ्या दिवशी आले, चहा घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायले. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला शाळा चालवायला दिलीय. मुलं निवडायला दिलेली नाही. ज्या लेकराला पालिका नको म्हणू शकत नाही, त्याला तुम्हालाही नको म्हणता येत नाही. पाटी कितीही चकचकीत लावा. आणि ती शनिवारची भेट बंद करा, तसं काही कायद्यात बसत नाही."

"पण जिने?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"जिने लेकरानं बांधलेत का? वर्ग खाली आणा."

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि आपलं टेबल, कपाट, फिरती खुर्ची सगळं तिसऱ्या मजल्यावर न्यायला सांगितलं. त्यांचे गुडघे किती दुखायचे हे साऱ्या शाळेला माहीत होतं. मी दारात उभी राहून बघत होते. "बघतेस काय? फळा लावून घे," त्या खेकसल्या. पहिलीचा वर्ग त्यांच्या ऑफिसात भरू लागला. भिंतीला ताजा रंग होता आणि खिडक्या तळमजल्यावर असल्यामुळे बापांची चांगलीच सोय झाली.

ती मुलगी आली त्या दिवशी गुरुवारच होता. बापानं तिला दारात उतरवलं. निळा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, आणि चेहरा अगदी परीक्षेला बसल्यासारखा. वर्गात न येता ती इकडेतिकडे बघू लागली.

"बाई, जिना कुठाय?"

मी म्हटलं, "जिना कशाला गं? आपला वर्ग इथंच आहे. तुला चढायचंच नाही."

तिचं तोंड एवढंसं झालं. बाप ओशाळून पुढं आला. "मॅडम, त्या दिशी हापिसात मोठ्या बाई म्हणल्या, जिने येंगता येत न्हाईत म्हणून घेता येत न्हाई. तवापासून चाळीच्या जिन्यावर रोजच्याला चढउतर करालीय. ऐकतच न्हाई. ढोपरं फुटली, तरी बी."

तिनं फ्रॉक वर करून गुडघे दाखवले. खपल्यांवर खपल्या होत्या. सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून एका सहा वर्षांच्या पोरीला सांगितलं होतं की शाळा कमवावी लागते, आणि ती बिचारी कमवायला लागली होती.

मी तिला जिन्यापाशी नेलं. ती पायरीवर पाठमोरी बसली, दोन्ही हात मागे टेकले, चांगला पाय रोवला आणि अंग वर उचललं. मग पुढची पायरी. ती कोणाला हात लावू देईना. आवाज ऐकून मोठ्या बाई वरून खाली येत होत्या, त्या मधल्या वळणावर कठडा धरून थांबल्या. मुलगी त्यांच्या पायांशी पोचली, घामानं डबडबलेली, आणि मान वर करून त्यांना म्हणाली, "आलं मला. आता घ्या ना शाळंत."

"तुला घेतलंय गं राणी, केव्हाच घेतलंय," मोठ्या बाई म्हणाल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या.

तिला ते खरं वाटलं नाही. ती वळली आणि पुढचा जिना चढू लागली.