झाकून ठेवलेलं काम

जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला नव्या प्रोसेसरच्या मल्टिथ्रेडिंगचा फायदा होतो का, असं ऑफिसात कुणी विचारलं असतं तर चहा संपायच्या आत मी उत्तर दिलं असतं. इंजिनिअर आहे मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, हे मी न विचारताही सांगते. पण हा प्रश्न आईच्या कामावर आला आणि उत्तराला आठवडा लागला.

विश्रांतवाडीत आमच्या पुढच्या खोलीत आई ब्लाउजवर मशिनने भरतकाम करून देते. आधी कॉम्प्युटरवर डिझाइन लावायचं, सॉफ्टवेअर त्याचे टाके बसवतं, मग ते पेन ड्राइव्हने मशिनमध्ये घालायचं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पडद्यावर कुठलं चित्र कुठल्या कोपऱ्यात, एवढ्यावर ती पन्नाशीत हे शिकली. म्हणून जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मी डबा नवा आणला, पण आत सिस्टीम जुनीच टाकली. नव्या सिस्टीमवर तिचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं आणि चित्रांच्या जागाही हलल्या असत्या.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात तिचा फोन. "हा तर जुन्याहून हळू चालते. पाठीचं मोठं डिझाइन लावलं, स्वयंपाक झाला, जेवण झालं, तरी हा बसूनच आहे."

संध्याकाळी घरी येऊन मी तेच डिझाइन लावलं. फोडणी तडतडायच्या आत झालं. "बघ, होतंय की," मी म्हणाले. मग रोज हेच. मी बसले की पळायचा, ती बसली की रखडायचा.

पेठेतल्या एक बुटीकवाल्या बाई आईच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या कापड बघायला आल्या आणि खुर्चीवर टेकत म्हणाल्या, "अहो, नवीन कॉम्प्युटर घेतलात म्हणे. छान. मग आता हे ब्लाउज लग्नाला मिळेल, की बारशालाच नेऊ?"

आई हसली. त्या गेल्यावर तिने कॉम्प्युटर बंद केला. "तुह्या हातानं चालते, माह्या हातानं नाही चालत. माह्याच्यानं आता नाही होत. सांगून टाक त्यायले, दुसरीकडं द्या म्हणून."

हे ती रागाने म्हणाली असती तर चाललं असतं. ती शांतपणे म्हणाली. माझं शिक्षण होईपर्यंत तिने लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. ते काम ती कधी 'माझं' म्हणाली नाही. याला मात्र ती 'माहा धंदा' म्हणते. तो मी आणलेल्या डब्यामुळे सुटत होता.

शनिवारी मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तू कर. मी नुसती मागे बसते."

तिने डिझाइन लावलं, सुरू केलं आणि लगेच वरच्या कोपऱ्यातल्या आडव्या रेघेवर टिचकी मारली. सॉफ्टवेअरची खिडकी खाली गेली. पडद्यावर गणपती.

"हे काय केलंस?"

"झाकलं."

"का गं?"

"अर्धं काम उघडं ठेवते का कोणी? येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागते. मग धागा तुटत राह्यते."

हाताने भरायची तेव्हाही ती अर्धं भरलेलं कापड पदराखाली घ्यायची. तेच ती इथे करत होती.

मला उलगडा झाला. या प्रोसेसरमध्ये दोन तऱ्हेचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत. मोठे दमदार, त्यातला एकेक एकाच वेळी दोन-दोन कामं सांभाळतो, तेच मल्टिथ्रेडिंग. छोटे वीज वाचवतात. काम कुणाला द्यायचं ते सिस्टीम ठरवते, आणि आमची सिस्टीम या प्रोसेसरच्या आधीची. खिडकी खाली गेली म्हणजे काम बिनमहत्त्वाचं, असं समजून ती ते छोट्यांकडे ढकलायची. जुन्या डब्यात सगळे कोअर सारखेच होते. तिथे झाकलं काय, उघडं काय. आणि मी बसले की खिडकी उघडीच असायची.

"तुझं काहीच चुकत नाहीये," मी म्हणाले. "सिस्टीमलाच कळत नाहीये."

"मले बरं वाटावं म्हणून सांगतं का?"

मी कोअरचे आलेख उघडून बाजूला लावले. खिडकी झाकली, छोट्यांचे चौकोन भरले. उघडली, मोठ्यांचे. मग माउस तिने घेतला. झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी बघत होते.

"म्हणजे झाकलं का हा लेकरायले कामाले जुंपते," ती म्हणाली, "आन् मोठे बसून राह्यते."

"तसंच."

"आपल्या गावासारखंच झालं मग."

टाके बसवायचं काम मोठ्यांकडेच बांधून ठेवायची सोय आहे, ती मी शोधायला लागले. तेवढ्यात आई उठली. अस्तराचा एक स्वच्छ तुकडा आणून तिने मॉनिटरवर टाकला. आत खिडकी उघडीच होती.

"त्याले उघडं, लोकायले झाकलेलं," ती म्हणाली. मी सेटिंग शोधायचं सोडून दिलं.

भाजी निवडून व्हायच्या आधी टाके बसले होते. आईने पेन ड्राइव्ह काढला, मशिनला लावला आणि मशीन सुरू झाल्यावर फोन हातात घेतला. पेठेतल्या बाईंशी ती पुण्याची भाषा बोलते, जरा आवाज चढवून.

"अहो ताई, ब्लाउज उद्याच घेऊन जा. आणि दुसऱ्या कोणाचं असेल तर तेही आणा. नाही, नाही, मुलगी नाही करत. मीच करते."