भट्टीचा तारांकित प्रश्न

चहा घेताय ना? मंग गोष्ट संपायच्या आत घ्या. नंतर माझ्यासोबत बसून चहा घ्यावा वाटेल का न्हाई, याची मी काही गॅरंटी देत न्हाई.

चुका सगळेच करतात हो. कुणी पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकवतं, कुणी दुसऱ्याच्याच मयतीला जाऊन पोटभर रडून येतं. पण माझी चूक थेट विधानसभेत वाजली! तीबी टीव्हीवर, सगळ्या महाराष्ट्रासमोर!

मी आमच्या आमदार साहेबांचा पीए. जालन्यात मस्तगडला आमचं संपर्क कार्यालय आहे. साहेब एकतर मुंबईत, न्हाईतर गाडीत. कार्यालयात मी, आणि कॉम्प्युटरवर बसणारे सलीमभाई. माझं मराठीत एम.ए. झालेलं. त्यामुळं माझी एक खोड होती. कुणी आलं आणि म्हणलं, "नळाला पाणी न्हाई," की मी लिहिणार, "पेयजलाच्या दुर्भिक्ष्यामुळे नागरिकांत तीव्र असंतोष." लोक वाचून खूश व्हायचे. पाणी काही यायचं न्हाई, पण असंतोष वाचून बरं वाटायचं.

अधिवेशनासाठी साहेबांचे तारांकित प्रश्नबी मीच लिहायचो. तारांकित म्हणजे काय, तर त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. उत्तर पटलं न्हाई तर आमदार वरून आणखी प्रश्न विचारतो. मंत्र्याला घाम फुटायची महाराष्ट्रात एवढी एकच अधिकृत सोय आहे.

तर एक दिवस एक बाई आली. मनीषा तिचं नाव. वय तिशीच्या आसपास. सोबत सासरा, त्यांना आबा म्हणायचे. गाव जालन्याजवळच, नाव सांगत न्हाई. तिचा नवरा गणेश एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होता. भंगार वितळवायची भट्टी. भंगारात एक तोंड बंद असलेला डबा आला, तो तसाच भट्टीत गेला आणि फुटला. गणेश समोरच उभा होता. आठ दिवस दवाखान्यात काढले बिचाऱ्यानं. नवव्या दिवशी गेला.

मी नुसतं "अरेरे" म्हणलो. दुसरं काय म्हणणार?

"ठेकेदार म्हणतो, आमच्या हजेरीत त्याचं नावच न्हाई," आबा म्हणले. "आणि वरून म्हणतो, पिऊन आल्ता, तोल गेला."

"दादा," मनीषा म्हणली, "यांनी आयुष्यात दारूला हात लावला न्हाई. म्हणायचे, दिवसभर भट्टीपुढं उभं राह्यलं की तसंच अंग पेटतं, वरून दारू कशाला? भरपाईचं आम्ही भांडून बघू. पण ते पिऊन आल्ते, एवढं तरी पुसायला लावा. माझी पोरगी त्याच गावात शाळेत जाती."

"ताई," मी छाती फुगवून म्हणलो, "साहेबांना थेट मंत्र्यालाच विचारायला लावतो! बिलकुल सोडत न्हाई!"

ते गेले आणि मी प्रश्न सांगायला बसलो. मी बोलणार, सलीमभाई टाइप करणार. पहिलीच ओळ आली कारखान्याच्या नावाची, आणि माझी जीभ अडखळली.

कारण त्या कारखान्याच्या मालकाचा फोटो साहेबांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर होता. शुभेच्छुक म्हणून. चांगला ठळक, पहिल्या रांगेत.

"सलीमभाई, कारखान्याचं नाव राहू द्या."

"राहू द्या म्हणजे टाकू?"

"न्हाई, गाळा."

"मंग एमआयडीसी तरी टाकू?"

"तेबी नको. एमआयडीसी म्हणलं की लोक लगेच ओळखतात."

सलीमभाईंनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "पीए साहेब, नाव न्हाई, जागा न्हाई. मंत्री शोधणार कुठं? अल्ला को मालूम!"

"तुम्ही टाइप करा हो. शासनाच्या भाषेतलं तुम्हाला कळायचं न्हाई."

साहेबांनी मला नाव गाळायला सांगितलं होतं का? तर न्हाई. साहेबांना मी विचारलंच न्हाई. मोठ्या माणसाच्या मनातलं आधीच ओळखायचं, यालाच मी तेव्हा हुशारी समजत होतो.

तर प्रश्न असा तयार झाला: (१) जालना तालुक्यातील मौजे अमुक येथील एका तरुणाचा भट्टीवरील दुर्घटनेत होरपळून मृत्यू झाला, हे खरे आहे काय? (२) असल्यास, सदर भट्टीवर सुरक्षेची कोणतीही उपाययोजना नव्हती, हेही खरे आहे काय? (३) असल्यास, सदर भट्टीचालकावर कोणती कारवाई करण्यात आली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

काय भाषा! मी स्वतःच दोनदा मोठ्यानं वाचला. साहेबांनी फोनवरच "पाठव" म्हणलं. प्रश्न गेला.

आता तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? माझ्या आलं न्हाई. पण मुंबईत कुणीतरी तो प्रश्न वाचला. गाव आहे, भट्टी आहे, भट्टीचालक आहे, माणूस मेलाय. गावात भट्टी कशाची असती हो? त्या माणसानं प्रश्न उचलला आणि कामगार खात्याकडून काढून सरळ दारूच्या खात्याकडं वर्ग केला!

हातभट्टी!

महिन्याभरानं, एका दुपारी मनीषाचा फोन आला. आवाज घाबरलेला. मागं गलका चाललेला.

"दादा, सरकारी जीप आली आमच्याकडं. पाच-सहा माणसं हायेत. म्हणतात, विधानसभेतून प्रश्न आलाय. तुम्हीच पाठवले का?"

मला एवढा आनंद झाला! म्हणलं, बघा, याला म्हणतात लेखणीची ताकद. चौकशी थेट घरी!

"हो हो ताई, आपल्याच प्रश्नामुळं आलेत! घाबरू नका. जे विचारतील ते सांगा. सगळं दाखवा त्यांना, काही लपवू नका!"

"पण दादा, ते चुलीमागं उकरून राह्यलेत..."

"उकरू द्या! बारकाईनं करून राह्यलेत म्हणजे चांगलंच आहे की!"

"न्हाणीतबी शिरलेत. आंबिलीचं मडकं हुंगून बघितलं."

इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता का न्हाई? कारखान्यातला अपघात, आणि आंबिलीचं मडकं कशाला हुंगतील? पण मी म्हणलो, "ताई, सरकारी पद्धत असती. सहकार्य करा." आणि फोन ठेवून सलीमभाईंना ऐटीत सांगितलं, "बघितलं का?"

तिकडं सगळं गाव मनीषाच्या दारात जमलं होतं. मेलेल्या माणसाच्या घरी दारू शोधायला सरकार आलंय, आणि त्याची बायको हातानं एकेक भांडं आणून दाखवतीय! का? तर मी सांगितलं म्हणून.

मंग आला अधिवेशनाचा दिवस. आमचा प्रश्न यादीत बराबर वर लागला होता, म्हणजे सभागृहात येणार हे नक्की. मला राहवलं न्हाई. मनीषाला आणि आबांना कार्यालयातच बोलवून घेतलं. टीव्ही लावला. समोर खुर्च्या मांडल्या. पेढे सुद्धा आणायचं माझ्या मनात होतं. सलीमभाई म्हणले, "मयतीचा मामला है, पेढे मत लाओ." तेवढी एक बेअब्रू त्यांच्यामुळं टळली.

मनीषा अंगभर पदर घेऊन बसली होती. झडतीबद्दल तिनं मला एक शब्द विचारला न्हाई. तिला वाटत असंल, आता उत्तरात सगळं निघंल.

अध्यक्षांनी प्रश्नाचा नंबर पुकारला. साहेब उठले. मंत्र्यांचं उत्तर सकाळीच छापून मिळतं, पण साहेबांनी ते वाचलं नव्हतं. माझ्यावर भरोसा!

मंत्री उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, हे खरे नाही. सदर गावी कोणतीही हातभट्टी आढळून आलेली नाही. मयताच्या राहत्या घराची झडती घेतली असता आक्षेपार्ह काही मिळून आले नाही."

मला वाटलं टीव्ही चुकला. टीव्ही कसा चुकंल हो?

साहेबांनी हातातला कागद वर-खाली करून बघितला. पण उभं राह्यलेला आमदार, काहीतरी बोलावंच लागतं. त्यांनी माझ्याच कागदावरचं दुसरं वाक्य ठणकावून विचारलं, "अध्यक्ष महोदय, या भट्टीवर सुरक्षेची उपाययोजना का नव्हती?"

मंत्री हसले. "अध्यक्ष महोदय, हातभट्टीला सुरक्षेची साधनं शासनानं पुरवावीत, अशी सन्माननीय सदस्यांची मागणी आहे काय?"

सगळं सभागृह हसलं. आमचे, त्यांचे, सगळेच. बाकं वाजली. मंत्री पुढं म्हणले, "सदस्यांनी ठिकाण दाखवावं, आजच धाड टाकतो." पुन्हा बाकं वाजली. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील.

सलीमभाईंनी उठून टीव्ही बंद केला.

आबा मला विचारायला लागले, "साहेब, हसले कशाला सगळे? गणेशचंच चाललं होतं ना?"

मी म्हणलो, "आबा, ते जरा... तांत्रिक..."

मनीषा उठली. आवाज चढवला न्हाई, रडलीबी न्हाई. म्हणली, "दादा, खरं न्हाई म्हणले ना ते? मंग माझा माणूस कुठाय, एवढंच विचारा त्यांना." आणि सासऱ्याचा हात धरून पायऱ्या उतरून गेली.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन. त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्यातली एकबी प्रमाण भाषेत बसत न्हाई. शेवटी विचारलं, "कारखान्याचं नाव कुठंय?"

"गाळलं, साहेब."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मालक बॅनरवर होते, म्हणून मला वाटलं..."

"अरे, वर्गणी देणारा बॅनरवर येतोच! माणूस मेल्यावर मी त्याला सोडीन, असं तुला वाटलं?"

खरं सांगू? वाटलं होतं. साहेबांनी खरंच सोडला नसता का, हे मला आजपण माहीत न्हाई. पण त्यांना हो का न्हाई म्हणायची संधीच मी दिली न्हाई, हे खरं आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. ठेकेदारानं आमचा प्रश्न आणि मंत्र्यांचं उत्तर छापलेला कागद मिळवला. भरपाईसाठी कामगार खात्यात चाललेल्या सुनावणीत त्यानं तो टेबलावर ठेवला आणि म्हणला, "बघा, आमदारानंच विचारलंय. हातभट्टीवर मेला." इतके दिवस गणेश नुसता ठेकेदाराच्या तोंडी दारुडा होता. मी त्याला छापून दारुडा केला. शाळेत पोरीला पोरं "भट्टी" म्हणून हाक मारायला लागली. पोरीनं शाळेत जायचं बंद केलं.

हे मला सलीमभाईंनी सांगितलं. मनीषानं न्हाई. ते आपणहून तिच्या गावी जाऊन आल्ते. मी गेल्तो का? न्हाई. रोज निघायचो, एमआयडीसीच्या वळणापर्यंत जायचो, तिथं गाडीत पेट्रोल भरायचो आणि माघारी यायचो. टाकी कायम फुल्ल!

पुढच्या अधिवेशनाच्या आधी मनीषाच आली. एकटी. पोरीच्या वहीतलं एक पान माझ्या टेबलावर ठेवलं. दहावी शिकलेली बाई, अक्षर सरळ, मोठं.

"हे असंच पाठवा. एक अक्षर बदलू नका."

मी वाचलं. "माझा नवरा गणेश एमआयडीसीतल्या या कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्टीवर कामाला होता, हे खरं आहे का? भंगारातला बंद डबा फुटून तो भाजला, हे खरं आहे का? त्याच्या अंगावर जाड कपडे न्हाई, तोंडावर जाळी न्हाई, हे खरं आहे का? दवाखान्यानं रक्त तपासलं, त्यात दारू निघाली न्हाई, हे खरं आहे का? मंग तो पिऊन होता असं म्हणणाऱ्यावर आणि कारखान्याच्या मालकावर तुम्ही काय केलं?" कारखान्याचं नाव होतं. मालकाचं होतं. ठेकेदाराचं होतं. दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स टाचलेली होती.

रक्ताचा कागद! तो पहिल्या दिवशीपण तिच्या पिशवीत होता म्हणे. मी मागितलाच न्हाई. मी भाषेत होतो ना!

माझा हात सवयीनं पेनाकडं गेला. "न्हाई" चं "नाही" करावं म्हणून. सलीमभाई म्हणले, "पीए साहेब, पेन खाली ठेवा." ठेवला. त्यांनी जसंच्या तसं टाइप केलं, शासनाला लागतात तेवढे आकडे आणि कंस घातले. या वेळी प्रश्न बराबर कामगार खात्याकडं गेला.

आणि मंत्र्याला उभं राहून म्हणावं लागलं, "(१) ते (४) हे खरे आहे." मालकावर आणि ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. चौकशी चालू आहे, म्हणजे अजून चालूच आहे. पण गणेश पिऊन नव्हता, हे आता छापून आलंय. आबांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलाय. पोरगी शाळेत जाती. पोरं अजून चिडवतात म्हणे, पण कमी.

अधिवेशन संपल्यावर साहेब कार्यालयात आले. ही गर्दी! वर्तमानपत्रात नाव आलेलं, हार, फटाके. मनीषाबी आल्ती, दाराजवळ उभी होती. साहेबांनी तो प्रश्न हातात धरून सगळ्यांना वाचून दाखवला आणि माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली.

"प्रश्न असा लिहायचा असतो! मंत्र्याला पळायला जागा न्हाई! आमच्या पीएनं लिहिलाय हा. एकदा चुकला, पण शिकला पठ्ठ्या!"

टाळ्या वाजल्या. सलीमभाई माझ्याकडं बघायला लागले. दाराजवळून मनीषा बघून राह्यली होती. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय बोलायला पाहिजे? एक वाक्य तर बोलायचं होतं. तेबी खरं.

मी हात जोडले, मान लववली आणि म्हणलो, "सगळं साहेबांचं मार्गदर्शन."