कोपऱ्यातल्या अकरा ओळी

सलग तीन वर्षं आमच्या भाताच्या खाचरात करपा रोग आला. पानांच्या कडा पिवळ्या पडायच्या, पान वाळत जायचं आणि लोंबीत दाणा भरायचा नाही. चौथ्या वर्षी दादा म्हणाला, "या खेपेला आला तर पुढच्या साली लावणी नाय. पडीक राहू दे." दादा बोलतो ते करतो. मी खालापूरला कचेरीत कामाला. शेत टिकलंय ते त्याच्या आणि वहिनीच्या हातांवर.

कर्जतला भाताचं संशोधन करणाऱ्या एका मॅडमनी मला चाचणीसाठी बियाणं दिलं. भात आमचंच जुनं, पण करप्याला दाद न देणाऱ्या भाताशी संकर केलेलं आणि मग पुन्हा पुन्हा जुन्याशीच जुळवत आणलेलं. मॅडम दर पिढीला रोपाच्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासायच्या. रोग अडवणारं जनुक ज्यात सापडेल तेच रोप पुढे न्यायच्या. "निम्म्यात जुनं लावा, म्हणजे फरक कळेल," त्या म्हणाल्या.

दादा उसळला. "मुद्दाम करपा लावू? शाणाच हायेस!"

सगळं खाचर नव्यालाच गेलं. दोरी धरून ओळीत लावायचा हट्ट मात्र मी सोडला नाही. वहिनी हसली, "भावोजी, शाळंतली पोरं उभी करताय का?"

भाद्रपदात चार दिवस वारा-पाऊस झाला आणि पूर्वेचा कोपरा पिवळा पडला. दादा बांधावर बसला. "झालं. सांग तुझ्या मॅडमला."

मी कचेरीतल्या सवयीने ओळी मोजत सुटलो. पिवळं अकराव्या ओळीला थांबलं होतं, अगदी सरळ. बाराव्या ओळीपासून हिरवंगार. करप्याला ओळ कशी कळली?

गवत कापणारी वहिनी म्हणाली, "तिथं नव्या रोपांचं आवण संपलं व्हतं. मी चुलत जाऊबाईंकडनं जुन्या भाताच्या रोपांच्या मुठी आणून लावल्या. खाचराचा कोपरा कुणी रिकामा ठेवतं का?"

"मग सांगितलं नाय ते!" दादा ओरडला.

"कुणाला सांगू? तुमी रागात, भावोजी वहीत."

मी पुन्हा खाचरात उतरलो. कोपऱ्यात रोपांचे एकशे चौपन्न झुबके, म्हणजे चूड, होते, त्यांतले एकशे एकतीस करपलेले. शेजारच्याच नव्या भातात तितकेच चूड मोजले. त्यांत फक्त चार पानांवर बारीक डाग होते, तेही लिहिले. दादाने ओळी स्वतः मोजल्या, दोनदा. मग मोठ्याने हसला, तीन वर्षांत पहिल्यांदा.

नव्या भाताच्या लोंब्या शेवटपर्यंत भरल्या. वहिनीने पहिला भात शिजवला, वास घेतला आणि म्हणाली, "आपलंच हाय."

मळणीआधीच दादाने ठसठशीत लोंब्या वेचून बियाण्याची कणगी भरली होती. एक लहान गाठोडं त्याने वेगळं बांधलं होतं. मी विचारलं, हे काय?

"जुनं. पुढल्या साली कोपऱ्यात लावायचं," तो म्हणाला. "अकरा ओळी. दोरी तू धर."