बाईंच्या हाताशिवाय

"माह्या हातानं आला, तर काय आला?" असं बाई म्हणायच्या. आकडा चांगला आला की बाकीचे खूश व्हायचे. बाईंच्या कपाळाला मात्र आठी.

चंद्रपूरच्या एका लहान प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुवायचो. शाळा चौथीपर्यंत. बाई केमिस्ट, मूळच्या वडशाकडच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, रस्त्यानं जाताना कोणाला दिसत नाहीत आणि कामाला बसली की खोली त्यांची होते.

काम होतं तान्ह्या लेकरांच्या डब्यातल्या दुधाच्या पावडरीचं. तिच्यात एक वेगळी साखर घालतात. ती लेकराला पचत नाही, त्याच्या आतड्यातले चांगले जंतू ती खातात. मी विचारलं, जंतूले कोणी जेवू घालते का? बाई म्हणाल्या, "तुम्ही दही खाता ना भाऊ? मंग जंतूले नावं नका ठेवू."

ती साखर डब्यात खरंच किती आहे, हे मोजायची रीत बाईंनी बसवली होती. एक नाजूक द्रव्य टाकून साखर तोडायची, मग मोजायची. रीत तपासायला कोऱ्या पावडरीत आपणच साखर तोलून टाकायची आणि तेवढीच परत सापडते का बघायचं. बाईंना सापडायची. पण दुसऱ्याच्या हातूनही सापडली तरच रीत खरी. बाईंनी लिहिलेलं वाचून प्रयोगशाळेतले दुसरे केमिस्ट साहेब करायचे, तर दर वेळी कमी. वरून निरोप आला, उन्हाळ्यात जमलं नाही तर हे काम बंद. साहेब वैतागून म्हणाले, बाईंच्या हातात जादू आहे. बाईंना ती शिवी लागली.

एका दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर काम मांडलं. हात जे करेल ते तोंडानं बोलायचं. "आता झाकण काढून राह्यली. आता बाटली डाव्या हातात. आता फडकं..." आणि थांबल्या. माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं त्या द्रव्याच्या बाटलीला गुंडाळत होत्या. कागदावर लिहिलं होतं, बाटली खोलीत ठेवा. चंद्रपूरची मे महिन्यातली खोली. साहेबांच्या टेबलावर ते द्रव्य गरमीनं मरून जात होतं.

"हे तर मी लिहिलंच नाई," एवढंच बोलल्या.

मला वाटलं, एक ओळ वाढवली की झालं. पण फडकं ज्याच्या त्याच्या हातचं वेगळं, म्हणून बाईंनी त्याच्या जागी बर्फ लिहिला आणि स्वतःचे आधीचे सगळे चांगले आकडे बाद केले. रीत बदलली, म्हणजे काम पहिल्यापासून. मीही मग भांडी देवाची असल्यासारखी धुतली.

शेवटी साहेब आत नव्या कागदावरून तेच काम करत होते. बाई बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून. साखर पुरी आली. मी सांगायला गेलो.

"झालं भाऊ. आता माही गरज नाई."

हे वाक्य इतक्या आनंदानं बोलणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढे बाई आजारात गेल्या. साहेब भेटले की सांगतात, बाईंना कधी न पाहिलेल्या पोरी ते काम करतात, साखर पुरी येते.

यंदा माझी बायको गेली. सून तीच डाळ घेते, तेच तेल, तीच कढई. तरी बायकोच्या हातची चव येत नाही; मी ताट पुसून जेवतो.