डाव्या पायाचं काम

माहेरी चार दिवस राहून मी सटाण्याहून परत आले, तेव्हा आमच्या पिकअपमध्ये दोनच पेडलं उरली होती. एक ब्रेकचं, एक ॲक्सिलेटरचं. क्लचच्या जागी भोक होतं आणि त्यावर रबराचा तुकडा चिकटवलेला. गिअरच्या दांड्याजवळ आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरांची उभी पट्टी आली होती. आमचे हे शेजारी उभे राहून मला सगळं दाखवत होते, बारशाला बाळ दाखवावं तसं. मुंबईच्या भंगार बाजारातून जपानी इंजिन आलं होतं, त्यालाच जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नाशकातल्या द्वारका चौकाकडच्या एका मिस्त्रीने चार दिवसांत तो बसवून दिला होता. मला कोणी विचारलं नव्हतं. आणि ती गाडी रोज कोण चालवत होतं? मी.

मखमलाबादकडे आमचा मळा. गुलाब, शेवंती, झेंडू. नव्वदच्या दशकात पिकअप घेतली तेव्हा अर्थातच हे चालवायचे आणि मी डाव्या बाजूला बसायचे, मांडीवर गुलाबाच्या गड्ड्या घेऊन. मग एका पावसाळ्यात ट्रॅक्टरवरून उतरताना यांचा डावा पाय असा काही पिळवटला की गुडघा कायमचा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, क्लच दाबायचा नाही. आम्ही ड्रायव्हर ठेवून बघितला. तो उन्हं वर आल्यावर उगवायचा, आणि फुलबाजार तर उजाडायच्या आत अर्धा संपतो. सुकलेल्या शेवंतीला कोण विचारतं? शेवटी मीच म्हटलं, मला शिकवा.

त्यांनी शिकवलं, पण कसं, ते माझं मला ठाऊक. पडीक वावरात हे डावीकडे बसायचे आणि गाडीने गचका खाल्ला की डॅशबोर्डवर हात आपटायचे. "हळू सोड. हळू सोड म्हणतो ना." दिवसभर एवढंच. रात्री झोपेतसुद्धा मला तेच ऐकू यायचं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती. पण मी शिकले. आणि शिकले ती यांच्यापेक्षा चांगली शिकले, हे आता सांगायला मला काही वाटत नाही.

नदीकाठच्या फुलबाजारातून वर येणारा एक चढ आहे. रस्ता अरुंद, त्यात हातगाड्या, सायकली, मधेच बसलेली गाय. चढावर गाडी थांबवायची, आणि पुन्हा उचलताना एक वीतभरही मागे जाऊ द्यायची नाही, ही तिथली परीक्षा. सुरुवातीला मी मागे येऊन एका फुलवालीचं टेबल पाडलं होतं. त्यानंतर मी दिसले की एक हमाल दगड घेऊन पळत यायचा आणि मागच्या चाकाला लावायचा. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू डाव्या पायाला ती जागा कळायला लागली, जिथे गाडी ना पुढे जाते ना मागे, नुसती थरथरत उभी राहते. एक दिवस मी खिडकीतून त्याला म्हटलं, दादा, दगड राहू द्या. तो हसून बाजूला झाला. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत एकटीच मोठमोठ्याने गात होते. पुढची काही वर्षं ती गाडी माझी होती.

तर ऑटोमॅटिक आली, तेव्हा मी खुळी आधी खूशच झाले. वाटलं, आता दोघंही चालवू, कधी हे, कधी मी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी शाल गुंडाळून, चहाचा थर्मास घेऊन ड्रायव्हरच्या दाराशी गेले, तर हे आधीच आत बसलेले. किल्ली लावलेली. त्यांनी हनुवटीने डावीकडे खूण केली. मी गाडीला वळसा घालून गेले आणि डावीकडे बसले. इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला असेल, आणि तो गिळून मी थर्मास मांडीवर धरून बसले.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होती. मग समोर कुत्रं आलं. यांचा डावा पाय जुन्या सवयीने क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर सगळा भार पडला. गाडी जागच्या जागी रोवल्यासारखी थांबली. झेंडूच्या पाट्या पालथ्या, गरम चहा माझ्या पायावर. हे म्हणाले, तू पाट्या नीट बांधल्या नाहीस. नाचता येईना, अंगण वाकडं! त्या आठवड्यात असं किती वेळा झालं याला गणती नाही. शेवटी हे डावा पाय सीटखाली मुडपून बसायला लागले, तोही दुखरा गुडघा. डिझेल तर ती गाडी पाण्यासारखी प्यायची. चढावर गुरगुरायची, कोणता गिअर घालू याचा विचार करत राहायची, मग एकदम उसळायची. आणि मी डावीकडे बसून आपला डावा पाय रबरी मॅटवर दाबत असायचे. दाबायला काही नव्हतं, तरी दाबायचे. घरी पोचेपर्यंत पोटरी भरून यायची.

एकदा ऐन दसऱ्याच्या बाजारात बॅटरी उतरली. हमालांना काय, गाडी बंद पडली की धक्का मारायचा एवढं ठाऊक. चौघं-पाचजण मागून लागले. "मारा, दुसऱ्यात टाकतो," असं हे ओरडले आणि दांड्यावर हात ठेवून थबकले. दुसरा गिअर होता कुठे? ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, हे मिस्त्रीने सांगितलं होतं. माणसं घामाघूम होऊन बाजूला झाली, खो खो हसली, आणि आम्ही बॅटरी शोधत हिंडलो. आमचा झेंडू उरला तो उरलाच.

त्या दिवशी परत येताना मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, जुनं इंजिन, जुना गिअरबॉक्स शेडमध्ये पडून आहे, परत बसवून घ्या, मी चालवते. हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला डाव्या बाजूला बसून मरायचं नाय."

"मी बसलेच होते की इतकी वर्षं," मी म्हटलं. "मेले का?"

पुढे महिनाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. एक-दोनदा किल्ली मागून बघितली, तर नाजूक गाडी आहे, तुझ्या हातून बिघडेल, असं उत्तर आलं. माझ्या हातून!

असंच चालत राहिलं. गुडघा मात्र मुडपून मुडपून पार कामातून गेला, आणि शेवटी वाटी बदलायचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. आवाज अगदी मायेचा होता. म्हणाले, "घाबरू नको. आता क्लच नाय, तुलाबी जमंल."

त्या चढावर इतकी वर्षं मी काय करत होते, असं विचारावंसं वाटलं. पण उद्या ऑपरेशन असलेल्या माणसाशी काय भांडायचं? मी हो म्हटलं आणि किल्ली कमरेला खोवली.

ऑपरेशन नीट झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती गाडी बाजारात नेली. चढावर थांबवली, पाय उचलला, आणि ती आपली आपण वर निघाली. माझ्या डाव्या पायाला कळेचना काय करावं. माझा नेहमीचा व्यापारी दुकानातून बोलला, "आता काय वहिनी, लय सोपं. गाडीच चालवती तुम्हाला." तो गमतीने बोलला असेल. मला तिथेच रडू फुटलं, आणि ते रडू रागाचं होतं.

बाजार संपवून मी सरळ द्वारकेला मिस्त्रीकडे गेले. म्हटलं, हे सगळं काढा आणि जुनं बसवा. तसाही तो गिअरबॉक्स तेल गाळत होता आणि त्याचा एकही पार्ट नाशकात मिळत नव्हता, तरी मिस्त्री घुटमळला. "दादांना विचारलं का?"

"दादांनी मला इचारलं होतं?"

त्याने काम घेतलं. तेवढे दिवस मी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून फुलं पाठवली. गाडी ताब्यात आली तेव्हा पहिला गिअर टाकला, पाय हळूहळू सोडला, आणि गाडी ओळखीची थरथरली. मला माहेरी गेल्याहून बरं वाटलं.

यांना घरी आणायला मी तीच गाडी घेऊन गेले. हे वॉकर टेकत टेकत आले, माझ्या बाजूच्या दाराशी थांबले आणि आत वाकून बघितलं. तीन पेडलं. मला वाटलं, आता रस्त्यातच तमाशा होणार. पण हे शांतपणे म्हणाले, "डॉक्टर म्हणले, तीन-चार महिन्यांत क्लच दाबता येईल मला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गुडघा नवा झाला की क्लच यांना पुन्हा मोकळा होता, आणि तो मीच हौसेने परत बसवून ठेवला होता. शेवटी आपल्याच हाताने आपण ती जागा सोडायची की काय! हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

"दाबा की," मी म्हटलं. "संध्याकाळी. सकाळची गाडी माझी."

मी खाली उतरले नाही, सरकलेही नाही. मग हे वॉकर फिरवून, गाडीला सबंध वळसा घालून डावीकडे गेले. एका नर्सने त्यांना धरून वर चढवलं. पूल ओलांडून आम्ही फुलबाजाराच्या चढाला लागलो. मधे हातगाडी आडवी होती. मी थांबले, गाडी क्लचवर तोलून धरली. शेजारी हे एकदम कळवळले. बघते तर यांनी तो टाके घातलेला पाय मॅटवर गच्च दाबून धरला होता, घाम फुटला होता, तरी सोडत नव्हते.

"हळू सोडा," मी म्हटलं.