पतीला कल्पना दिली आहे

दुसऱ्या ऑपरेशननंतर मिरजेच्या दवाखान्यात माझी पट्टी सोडली, तेव्हा नर्सनं विचारलं, "काय दिसतंय?" मला वाटलं, ती बोटं धरून उभी आहे. मी अंदाजानं म्हणाले, "दोन." तिनं टक्कन बटण बंद केलं. मग म्हणाली, "मॅडम, ही बॅटरी आहे."

मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. साताऱ्यात एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर माझी वीस वर्षं गेली होती. साखरेचा आजार जुना. त्यात आधी उजव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि पाच महिन्यांनी डाव्याचा. डॉक्टर माझ्या नवऱ्याला बाहेर घेऊन गेले. तो परत आला तेव्हा त्याच्या अंगाला विडीचा वास येत होता. फौजेतून आल्यापासून त्यानं विडी सोडली होती.

"काय म्हणाले?"

"येळ लागंल म्हणाले. पडदा नीट बसाय पायजे. सा म्हयनं, वरीस. ड्रॉप तेवढं चुकवायचं न्हाईत."

माझा नवरा हवालदार म्हणून निवृत्त झालेला, फलटणजवळच्या गावचा. मी सांगलीच्या पेठेत वाढलेली. आम्हाला मूल नाही. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर आहे. तिथं त्यानं मला आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रॉपची ड्यूटी सुरू केली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, झोपताना. तो "मान वर" म्हणायचा आणि मी मान वर करायची. चार वर्षांत ही वेळ एकदाही चुकली नाही; तो गावाला गेला की मी स्वतः घालायची.

पहिल्याच महिन्यात वाचनालयाचे चिटणीस घरी आले. म्हणाले, "बाई, तुम्हाला सभासदांचे आवाज पाठ आहेत, पुस्तकं पाठ आहेत. फोनवर बसा. चौकशीचं काम करा. बाकी आम्ही बघतो." मीच नको म्हणाले. सहा महिन्यांनी डोळे आले की माझ्या टेबलावरच येईन, मधल्या वेळात उगीच कशाला, असं म्हणाले. नवरा शेजारी बसला होता. तो चिटणिसांना दारापर्यंत सोडून आला. वर्षभरानं मी राजीनामा पाठवला, तेव्हा पाकिटावर पत्ता त्यानंच लिहिला.

वाचायला सुरुवात त्यानं आपणहून केली. जन्मात त्यानं कादंबरी हातात धरली नव्हती. वर्तमानपत्र आणि पलटणीतले हुकूम, एवढंच त्याचं वाचन. तो हजेरी घेतल्यासारखं वाचायचा. पूर्णविराम आला की थांबणार, खाकरणार, मग पुढचं वाक्य. बाई आणि पुरुष एका खोलीत आले की त्याचा घसा बसायचा. "हितं काय विशेष न्हाई," म्हणून दोन पानं उलटायचा. मी हसायची. तो रागवायचा आणि मग तोही हसायचा. जेवण झाल्यावर रोज दीड-दोन तास, असं आम्ही जवळजवळ चार वर्षं केलं. त्या दुपारांत मी सुखात होते. पुढं जे कळलं त्यानंही हे खोटं ठरत नाही आणि तोच त्रास आहे.

मधूनच मला उजेड दिसायचा. निळसर ठिपके, कधी कडेनं एखादी चमक. मी सांगितलं की तो म्हणायचा, "बघ. यायला लागलंय." मग मी दिवसभर पांघरुणाच्या नक्षीकडे डोळे लावून बसायची.

चौथ्या वर्षी सांगलीच्या माझ्या धाकट्या बहिणीनं ई-रीडर आणला. पाटीएवढं पातळ यंत्र, पुस्तक आत घातलं की मोठ्यानं वाचून दाखवणारं. नवऱ्यानं ते हातात घेऊन परत ठेवल्याचा आवाज मला आला.

"कशाला ह्ये? मी हाय की."

बहीण म्हणाली, "भाऊजी, तुम्ही शेतातल्या ऊसतोडीला गावाला जाता तेव्हा आठ-आठ दिवस ही काय करते? भिंतीशी बोलते."

शिकायला मला महिना लागला. काचेवर बोट सरकवलं की ते काय आहे ते सांगतं; दोनदा टिचकी मारली की उघडतं. माझी टिचकी कधी हळू पडायची, कधी भलतीकडे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा रडले आणि एकदा ते यंत्र गादीवर फेकलं. त्याचं मराठी परकं होतं. 'चमचा'मधले दोन्ही च ते सारखेच म्हणायचं. रडणं असो, मरणं असो, सूर एकच. पानाचा आकडा वाक्याच्या मधेच वाचायचं. "आई गेली एकशेबारा आणि घर सुनं झालं." पण ते पानं उलटत नव्हतं. नवऱ्यानं वाचून संपवलेली एक कादंबरी मी पुन्हा ऐकली, तेव्हा मला कळलं की तिच्यातली बाई शेवटी जीव देते. त्यानं मला वाचून दाखवलं होतं की ती माहेरी जाते. मी त्याला विचारलं नाही. मला तेव्हा ते प्रेमच वाटलं.

हळूहळू मी वेग वाढवला. दुप्पट वेगानं ऐकायला लागले.

"ह्ये काय बोलतंय? टिटवीवानी," तो म्हणाला.

"मला कळतं."

त्या दिवसापासून जेवण झाल्यावर तो पुस्तक घेऊन बसायचा आणि मी कानात वायर घातलेली असायची. थोड्या वेळानं तो चप्पल घालून बाहेर जायचा.

बहिणीच्या मनात होतं की मी दिव्यांगाचा दाखला काढावा. नवरा टाळत होता. "दिसाय लागल्यावर दाखल्याचं काय करायचं?" तो गावाला गेला असताना ती दोन दिवसांसाठी आली. कपाटातून दवाखान्याची फाईल काढली, एकेका कागदाचा मोबाईलवर फोटो घेतला, त्याची यंत्राला वाचता येतील अशी अक्षरं करून सगळं त्यात घातलं. "आता तुझे कागद तुझ्याजवळ," म्हणाली. तिला दुपारची एसटी गाठायची होती. कागद वाचायला तिला वेळ नव्हता. ते मी वाचले.

हातानं लिहिलेल्या कागदांचा नुसता चिवडा झाला होता. यंत्र सुटी अक्षरं बडबडत होतं. साखरेचे रिपोर्ट, पावत्या. मग टाईप केलेलं एक पान आलं, आणि इंग्रजी आवाज एकदम स्वच्छ झाला. दुसऱ्या ऑपरेशननंतर सोडतानाचं पान होतं ते. दोन्ही डोळ्यांना उजेडाची जाणीव नाही. दृष्टी परत येण्याची शक्यता नाही. पुनर्वसन प्रशिक्षणाचा सल्ला दिला आहे. शेवटची ओळ: पतीला कल्पना दिली आहे.

मी ते पान तीन वेळा ऐकलं. वेग कमी करूनही ऐकलं. मराठीतल्या प्रत्येक मरणाला वापरलेला तोच सूर होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. पाय धुतले, चहा मागितला. मी चहा दिला आणि यंत्राची वायर काढून ते पान मोठ्यानं लावलं. फौजेत राहून त्याला इंग्रजी बऱ्यापैकी कळतं. पान संपलं तरी कपबशीचा आवाज झाला नाही.

"पहिल्या दिवसापासून?" मी विचारलं.

"व्हय."

"आणि ड्रॉप?"

"डोळं कोरडं पडू नयेत म्हणून हायेत ती. बाकी काय न्हाई त्यात."

"चार वर्षं?"

"सांगणार हुतो. तवा दिवाळी आली. म्हनलं, एवढी दिवाळी जाऊ दे. मग तू हसायला लागलीस... मग मला जमलंच न्हाई गं."

"मी नोकरी सोडली. तुम्ही पाकिटावर पत्ता लिहिलात."

सहा वाजले तेव्हा तो सवयीनं उठला, ड्रॉपची बाटली घेऊन माझ्यापुढं आला आणि तसाच उभा राहिला. मी मान वर केली नाही.

मला ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. आम्ही एसटीनं मिरजेला गेलो. डॉक्टरांना मी आठवत नव्हते, पण त्यांनी फाईल पाहून सगळं नीट सांगितलं. मी ठिपक्यांचं विचारलं. ते म्हणाले, "डोळे गेल्यावर मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. त्याला अर्थ नसतो." मग म्हणाले, "काठी आणि ब्रेल शिकायला तेव्हाच पाठवा म्हणून आम्ही सांगितलं होतं. सुरुवातीचे दिवस फार महत्त्वाचे असतात."

नवरा खुर्चीत हलला. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता; तो खटकन वाजला.

साताऱ्याच्या गाडीत तो एकटाच बसला. मी सांगलीला बहिणीकडे गेले आणि अडीच महिने राहिले. एका शिक्षिकेकडून काठी शिकले. पन्नाशीच्या आसपास पाऊल नव्यानं टाकताना माणूस आखडतो. मी गटारात पडले, रिक्षाला धडकले, नडगी फुटली. वाचनालयात फोन केला. चिटणीस बदलले होते. नवे गृहस्थ अदबीनं म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, तशी जागा राहिलेली नाही.

परत आले, कारण बहिणीच्या घरात माझी खाट स्वयंपाकघरात होती आणि साताऱ्याचं घर माझ्या पायांना पाठ होतं. माफ केलं म्हणून आले नाही. त्यानंही तसं विचारलं नाही.

आता मी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटी जाते. वीस पावलं मागं त्याच्या चपला वाजतात. मी थांबले की त्या थांबतात. त्यानं वाचणं बंद केलं. एकदा मी म्हणाले, "वाचा की थोडं." तो म्हणाला, "त्ये मशीन चांगलं वाचतंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही गावी गेलो. पंगतीत माझ्या शेजारी त्याची म्हातारी काकी बसली होती. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"डोळं कवा यायचं गं तुजं? लय दीस झालं की."

"येणार नाहीत, काकी."

"आसं वंगाळ बोलू न्हाई."

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला. मोठा, पलटणीतला. "न्हाई यायचं, काकी. मला पयल्या दिसापासनं ठावं हुतं. चार वर्सं मीच लपवलं हिच्यापासनं."

पानांचा आवाज थांबला. वाढपी जिलेबीची परात घेऊन थांबला असावा. तुपाचा वास माझ्या डोक्यावर तसाच राहिला. त्यानं चारचौघांत असं बोलायला किती बळ एकवटलं असेल ते मला कळत होतं. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी वाट पाहत होते.

काकी म्हणाली, "बरं केलंस, लेकरा. बाईमाणसाला समदं सांगाय नसतंया. चार वर्सं सुखात तरी गेली."

"व्हय की," दोघी-तिघी म्हणाल्या. "लय जपलं बाबानं." पानं पुन्हा वाजायला लागली. नवरा "तसं न्हाई, काकी..." असं काहीतरी म्हणायला लागला, पण कुणी ऐकलं नाही. मग त्यानं वाढप्याकडे भात मागितला.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. मी यंत्र काढलं, वायर कानात घातली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "काय ऐकतीयास?"

"कादंबरी."

"कशाची हाय?"

"अजून कळलं नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. मी यंत्र सुरूच केलं नव्हतं.